पहिलाच फिश टँक, आईला आठ सोनेरी अन् एक काळा मासा हवाय, २ फुटी टाकीत जमेल का?

राजारामपुरीवाला

नमस्कार मंडळी. घरात पहिल्यांदाच फिश टँक ठेवायचं चाललंय. पोरगी दुसरीत आहे, मैत्रिणीच्या घरी टाकी बघून आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. फ्लॅट कोल्हापुरात राजारामपुरीत, दुसरा मजला. हॉलमध्ये टीव्हीशेजारी मोकळी भिंत आहे, तिथं २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी बसते, टेप लावून बघितलंय. अजून काहीच विकत घेतलेलं नाही, आधी विचारून घ्यावं म्हटलं.

पहिला घोळ असा की दुकानदार म्हणतो आज टाकी न्या, आजच मासे न्या, ह्या बाटलीतलं औषध दोन झाकण टाकायचं, झालं काम. आणि ऑफिसातला एकजण म्हणतो महिनाभर नुसतं पाणी फिरवत ठेव, मासा आणायचाच नाही. खरं कुणाचं धरायचं? आणि महिनाभर रिकामी टाकी असेल तर पोरीला काय सांगायचं?

दुसरं म्हणजे आई. तिचं म्हणणं मासे ठेवायचेच तर आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ, वास्तूला चांगलं असतंय. तिची श्रद्धा आहे, मला त्यात मोडता घालायचा नाही. पण नऊ गोल्डफिश एवढ्या टाकीत राहतील का हे कळेना.

तिसरं पाणी. सकाळी महापालिकेचं नळाचं येतं, वापरायला सोसायटीचं बोर आहे. कुठलं टाकू? बजेट सगळं धरून सात-आठ हजार. घाई अजिबात नाही, मासे मरायला नकोत एवढंच, पोरीसमोर तर नकोच नको.

---

जुना_नादी

भावा, आधी स्टँडचं बोलतो, कारण सगळी मासं मासं करत्यात आणि टाकीखाली काय हाय ते कोण बघत न्हाई. तू सांगालाईस त्या मापाची टाकी म्हणजे ७० लिटर पाणी, म्हणजे पाण्याचंच ७० किलो, वर काच, वाळू, दगड धरलं की ९०-१०० किलोला जातंय. टीव्ही युनिटच्या प्लायवर ठिवू नगंस. उद्यमनगरात कुठल्याबी फॅब्रिकेशनवाल्याकडं जा, माप दे, अँगलचं स्टँड वेल्डिंग करून मिळतंय आणि लई दणकट असतंय. घरात आणल्यावर चारी पाय फरशीला टेकल्यात का बघ, गवंड्याची लेव्हल बाटली वर ठिवून बघ, मग स्टँडवर जाड प्लाय, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. एक कोपरा उचललेला ऱ्हायला तर काचंवर पीळ बसतोय, आज काय व्हणार न्हाई पण कवातरी सांधा सुटतोय आणि मग ७० लिटर पाणी खालच्या फ्लॅटमधी.

काच ६ एमएमची सांग. नवीन टाकीला सिलिकॉनचा आंबूस वास येत असंल तर तो जाईस्तवर भरू नगंस. नंतर गच्चीत सपाट जागंवर थर्माकोलवर ठिवून भर आणि एक दिवस-रात्र तशीच सोड, चारी सांध्यांखालनं कोरडा पेपर फिरव, कुठं ओला झाला तर टाकी परत दे. खिडकीसमोर ठिवू नगंस, ऊन लागलं की काच हिरवी व्हतीय.

आता मासं कवा आणायचं. ऑफिसातला तुझा माणूस बरोबर सांगालाय. पहिल्या दिवशी सोडल्यालं मासं पहिल्या दिवशी मरत न्हाईत, चार-पाच दिवसांनी वर येऊन तोंड उघडायला लागत्यात, आणि तवर दुकानदाराला वाटतंय माझी टाकी चांगली हुती, गिऱ्हाइकानंच काय तरी केलं. आमच्या येळंला पाणी तपासायचं टेस्ट किट असलं काय मिळत न्हवतं, पण जुनी माणसं एक करायची, चालू टाकीतला घाण झाल्याला स्पंज आणून नव्या टाकीत लावायची. तुझ्या ओळखीत कुणाची चांगली चाललेली टाकी असंल, ज्यात एवढ्यात कुठला मासा आजारी पडला न्हाई, तर त्याच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज मागून घे. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून पिशवीतनं आण, वाटंत वाळू दिऊ नगंस आणि नळाखाली तर धरूच नगंस. महिन्याचं काम निम्म्यावर येतंय बघ.

---

बारावी_बायो

वरच्या काकांनी स्पंजचं सांगितलं ते सोळा आणे खरं, त्यामागं काय घडतं तेवढं मी सांगते, कारण ते एकदा डोक्यात बसलं की टाकीतले निम्मे निर्णय आपले आपल्यालाच घेता येतात.

मासा अमोनिया बाहेर टाकतो, मुख्यतः कल्ल्यांतून. नदीत तो वाहून जातो, टाकीत जातो कुठं? तिथंच साठतो, आणि उरलेलं खाणं कुजतं त्याचा वेगळा. अमोनियानं कल्ले भाजल्यासारखे होतात. मग निसर्गात ज्यांचं हे कामच आहे ते जिवाणू हळूहळू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. त्यानंतर दुसरे जिवाणू येतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात (पुस्तकात आपण नायट्रोबॅक्टर शिकवतो, टाकीत मात्र हे काम बहुतेक करून नायट्रोस्पायरा करतात). नायट्रेट त्यामानानं सौम्य, ते दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढायचं आणि उरलेलं झाडं खातात.

आता महिना का लागतो. पोटातला ई कोलाय चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, हे जिवाणू दुप्पट व्हायला कितीतरी तास, कधी पूर्ण दिवस घेतात. त्यांना घाई करता येत नाही. दुकानातल्या बाटलीत जिवंत जिवाणू असतील तर थोडी मदत होते, पण बऱ्याच बाटल्यांत नुसतं क्लोरीन मारणारं औषध असतं, लेबल वाचून घ्या, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

करायचं असं. टाकी भरायची, क्लोरीन काढायचं, फिल्टर चोवीस तास चालू, मध्ये बंद नाही. मासे नसतानाही रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं. ते खाली जाऊन बसेल, दोन-तीन दिवसांत त्याच्यावर पांढरी कापसासारखी बुरशी धरेल, किळस येईल पण येऊ दे, त्यातूनच अमोनिया निघणार आहे आणि जिवाणूंना तेच खायला लागतं. पाणी मधेच दुधासारखं पांढुरकं होईल, तेव्हा घाबरून सगळं ओतून टाकू नका, आपोआप निवळतं. फिल्टर २ फुटी टाकीला स्पंजवाला पुरे, एअर पंपावर चालणारा, स्वस्तातला, त्यात जिवाणूंना जागा भरपूर आणि पिल्लं ओढली जात नाहीत.

किट घ्याच, थेंबवालं, पट्ट्यांचं नको. बजेटमधले थोडे पैसे तिकडं वळवा आणि लाइट साधी घ्या. काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी, त्यात थेंब, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मी वापरते त्या किटमध्ये अमोनिया नसेल तर पिवळं राहतं, असेल तर हिरवट होत जातं. नायट्राइटला आकाशी म्हणजे शून्य, जांभळं म्हणजे आहे. सुरुवातीला अमोनिया चढतो, मग तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, ते बरेच दिवस जांभळंच दिसतं आणि इथंच लोकांचा धीर सुटतो. एके दिवशी दोन्ही शून्य येतात आणि नायट्रेट दिसायला लागतं. खाणं टाकत असूनही सलग काही दिवस दोन्ही शून्य आले की टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरून चाला, जुना स्पंज मिळाला तर लवकर. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि पहिले तीन-चारच मासे आणा, पुढचे आठवड्यानं, तोवर रोज टेस्ट.

आणि लेकीचं म्हणाल तर टाकी रिकामी कुठं आहे? झाडं पहिल्या दिवसापासून लावता येतात. व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, जावा फर्न, तिन्ही चिवट, साध्या लाइटवर वाढतात. जावा फर्नचं खोड वाळूत पुरू नका, कुजतं, दगडाला दोऱ्यानं बांधा. ही झाडं तिला लावू दे आणि नळीतला रंग तिनं वहीत खडूनं रंगवायचा. पिवळा, हिरवा, परत पिवळा, जांभळा, आकाशी, अशी पानं भरत गेली की मासे कधी आणायचे हे तीच तुम्हाला सांगेल. दुसरीतल्या पोरांना हे फार छान जमतं. रंकाळ्यातलं शेवाळ किंवा झाड मात्र फुकट मिळतंय म्हणून आणू नका, त्याबरोबर काय काय येईल सांगता येत नाही.

---

राजारामपुरीवाला

मॅडम, वहीचं तर आजच सांगितलं तिला, पाटी-पेन्सिल घेऊन तयारच बसलीये :) काका, उद्यमनगरात एकजण ओळखीचा आहे, माप देऊन येतो. आता पाणी आणि आईचे नऊ मासे, तेवढं कुणीतरी सांगा.

---

शाहूपुरी_४थी_गल्ली

पाण्याचं मी सांगतो. नळाचंच वापर. आपल्याला येतं ते पंचगंगा-भोगावतीचं किंवा थेट पाईपलाईनचं काळम्मावाडी धरणाचं, कुठलंही असलं तरी नदीचंच, बोरपेक्षा मऊ असतं. बोरमध्ये क्षार जास्त. बोरवर मासे जगत नाहीत असं नाही, मॉली-गप्पी तर क्षाराच्या पाण्यात खूश असतात, पण आज हे उद्या ते असं करायचं नाही. एक ठरवायचं आणि तेच कायम.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशाच्या कल्ल्यांना वाईट आणि मॅडमनी सांगितले त्या जिवाणूंनाही मारतं. बादल्या उघड्या भरून एक दिवस ठेवल्या तरी बरंचसं उडून जातं, घाई असेल तर अँटिक्लोरीन टाक. पावसाळ्यात जून-जुलैला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा डोस पण वाढलेला असतो, नळ सोडला की वास येतो, त्या दिवसांत पाणी कमी बदल आणि अँटिक्लोरीनशिवाय थेंबही टाकू नकोस. एरवी आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, वाळूतली घाण सायफनच्या नळीनं ओढून. स्पंज धुवायचा तो त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, नळाखाली धुतला की महिन्याची मेहनत मोरीत गेली.

दोन-तीन ड्रम पाणी साठवायची सवय ठेव. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती, कितीतरी दिवस शहरात नळाला पाणी नव्हतं, आमच्याकडं लाइटही नव्हती. तेव्हा टाकीला जे केलं ते सांगतो, कुणाला कधी उपयोगी पडेल. खाणं पूर्ण बंद केलं, खाणं नाही म्हणजे घाण नाही. मगानं टाकीतलंच पाणी घेऊन वितभर उंचीवरनं परत टाकीत सोडायचं, दर तासा-दीड तासानं, घरातला जो जागा असेल त्यानं, त्यानं पाण्यात हवा मिसळते. आता बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, स्वस्त आहे, घेऊन ठेव. इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, एअर पंप तीन-चार वॅट खातो.

हीटरचं कुणी बोललं नाही. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री १४-१५ पर्यंत उतरतं, मॉली-गप्पीला पाणी २४ ते २७ लागतं. ७० लिटरला ७५ किंवा १०० वॅटचा पुरे. पाणी बदलताना हीटरचं बटण आधी बंद करायचं, तापलेली नळी उघडी पडून परत पाण्यात गेली की तडकते. आणि घरात लहान पोरगी आहे म्हणून मुद्दाम सांगतो, सगळ्या वायरी प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यायच्या, म्हणजे वायरीवरनं ओघळलेलं पाणी झोळातच ठिबकेल, बोर्डात जाणार नाही. टाकीत हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून.

---

मासे_पाळा_प्रेमानं

गोल्डफिश एवढे अवघड नसतात हो, आमच्याकडं गोल बाउलमध्ये दोन होते, चांगले सहा-सात महिने राहिले. लोक उगाच घाबरवतात.

---

पंचगंगाकाठ

ताई, राग मानू नका, पण सहा-सात महिने म्हणजे चांगले नाहीत. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. दुकानात दोन इंची दिसतो तो बच्चा असतो, पुढं सहा-आठ इंचाचा होतो. टाकी लहान असली की तो लहानच राहतो असं सगळीकडं ऐकायला मिळतं, पण त्याची वाढ खुंटते ती घाण पाण्यामुळं आणि सुख नसल्यामुळं, ते काही टाकीशी जुळवून घेणं नव्हे. खातो भरपूर, घाण त्याहून भरपूर. एका गोल्डफिशला ४० लिटर तरी धरतात, नऊ म्हणजे ३६० लिटर झाले. शिवाय त्याला थंड पाणी आवडतं, आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही.

आता दादा, आईंचं. मला वाटतं ह्यात कुणाचंच मन मोडायची गरज नाही. आठ सोनेरी, एक काळा एवढंच पाहिजे ना? मग गोल्डफिशच कशाला? प्लॅटी नावाचा मासा बघा, केशरी-सोनेरी रंगात सगळीकडं मिळतो, दीड-दोन इंचाच्या वर जात नाही, स्वभावानं गरीब, पहिल्यांदा पाळणाऱ्याला उत्तम. ते आठ घ्या. आणि काळा म्हणून एक ब्लॅक मॉली, तो इतका काळाभोर असतो की आईंना टाकीत लगेच ओळखू येईल. ७० लिटरमध्ये नऊच्या नऊ आरामात राहतात. आधी आईंना दुकानात घेऊन जा आणि हे मासे दाखवा, नंतर गोल्डफिश नको म्हणून सांगा, उलट क्रमानं करू नका.

फक्त एक बघा, सगळे नर घ्या. ही मंडळी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, दर महिन्याला वीस-तीस, आणि मादीत एकदा नराचं बीज साठलं की नर नसतानाही पुढं कितीतरी महिने पिल्लं होत राहतात. नर ओळखायचा कसा, पोटाखाली शेपटीच्या अलीकडचा पर बघायचा, मादीचा पंख्यासारखा पसरट, नराचा बारीक काडीसारखा मागं वळलेला. दुकानदार घाईनं जाळीत भरून पिशवीत टाकायला लागला तर थांबवा, एकेक बघून घ्या. शेपटी मिटलेली, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, कोपऱ्यात एकटा थरथरणारा, असा एक जरी त्या टाकीत दिसला तर त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी या. दुकानाच्या पिशवीतलं पाणीही आपल्या टाकीत ओतायचं नाही. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घाला, मग मासे जाळीनं सोडा.

दुकानदार "घाण खातो" म्हणून सकर मासा गळ्यात मारेल, घेऊ नका. तो दुसऱ्याची घाण खात नाही, स्वतः मात्र खूप करतो आणि फूटभराहून मोठा होतो. मग लोकांना झेपत नाही आणि रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत सोडून देतात, पुण्य लागेल म्हणून. हे कृपा करून कुणी करू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा भारतात कितीतरी नद्या-तलावांत पसरलाय, काठ पोखरतो, जाळी फाडतो, इथल्या माशांचं खाणं संपवतो. आपल्या घाटात काय काय आहे ते आपल्यालाच पुरतं ठाऊक नाही, आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटभर मासा विज्ञानाला नवीन म्हणून २०२० ला नोंदला गेला, २०२१ ला ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर झाली. असल्या पाण्यात बाहेरचा एक मासा पडला तर काय होईल? नको झालेला मासा दुकानात परत द्या, ओळखीत द्या, पण पाण्यात नाही.

---

जुना_नादी

पंचगंगाकाठ, एकदम बरोबर बोललासा. प्लॅटीची आयडिया तर नाद खुळा. एकच भर घालतो, काळी मॉली प्लॅटीपेक्षा मोठी व्हतीय आणि तिला शेवाळ खायला लागतंय, म्हणून आठवड्यातनं एकदा काकडीची चकती किंवा उकडल्याली पालकाची पानं टाक, दुसऱ्या दिवशी उरल्यालं काढून घे. आणि झाकण पाहिजेच, मॉली उडी मारतीया.

---

राजारामपुरीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोनवर प्लॅटीचा फोटो दाखवला, म्हणाली रंग चांगला आहे, काळा तेवढा नीट बघून आण. टाकीची ऑर्डर उद्या देतोय, स्टँडचं माप दिलं. अँटिक्लोरीन, स्पंज फिल्टर, किट, हीटर आणि झाडं एवढंच पहिल्या फेरीत, मासे नाहीत. शेवटचा एक प्रश्न, दिवाळीला आम्ही चार-पाच दिवस गडहिंग्लजला गावी जातो, तेव्हा खायला कोण घालणार? शेजाऱ्यांकडं किल्ली देऊन ठेवू का?

---

बारावी_बायो

देऊ नका, म्हणजे किल्ली द्या पण खाण्याचा डबा देऊ नका. धडधाकट मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, झाडांवरचं शेवाळ खुडत बसतील. शेजारी मायेनं मूठभर टाकतात आणि परत येईपर्यंत पाणी नासलेलं असतं, गावाला गेल्यावर मासे मेले ह्या बहुतेक गोष्टी अशाच असतात. निघायच्या दोन दिवस आधी चौथा हिस्सा पाणी बदला, लाइट टायमरवर सात-आठ तास लावा, फिल्टर-हीटर चालूच राहू दे. शेजाऱ्यांना एवढंच सांगा की दिवसातनं एकदा येऊन पंपाचे बुडबुडे चालू आहेत का बघा, बंद दिसले तर फोन करा. एरवीही दिवसातनं एकदाच आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, ती चिमूट लेकीच्या बोटांची, तुमच्या नाही.